चालता ट्रॅक्टर वारंवार बंद पडत असल्यास : पंप उतरवण्यापूर्वी डिझेलची वाट तपासावी

इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे : "माझा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सात वर्षांचा आहे. सोयाबीन निघाल्यावर गव्हासाठी रोटाव्हेटर मारताना तो अर्धा-पाऊण तास व्यवस्थित चालतो आणि मग गचके देत बंद पडतो. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा तेच. दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. मिस्त्री म्हणतो, पंप उतरवावा लागेल. काय करावे?" याच स्वरूपाचे आणखी दोन प्रश्न महू आणि सांवेर भागांतून आले आहेत. त्यांतील वेगळे मुद्दे पुढे ओघाने घेतले आहेत.

पंप, म्हणजे इंजिनाला मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंप, इतक्यात उतरवू नये. ट्रॅक्टर किती वेळाने बंद पडतो, कसा बंद पडतो आणि थांबल्यावर किती वेळात सुरू होतो, या तीन गोष्टी आपण लिहून पाठवल्या हे फार चांगले झाले, कारण दोष कुठे असावा याचा निम्मा अंदाज त्यांवरूनच बांधता येतो. गचके देत हळूहळू बंद पडणे याचा अर्थ इंजिनाला डिझेल कमी कमी मिळत जाते, आणि थोड्या विश्रांतीनंतर ते पुन्हा मिळू लागते. हे लक्षण पंपापेक्षा टाकी आणि तिच्यापासून निघणाऱ्या नळीकडे अधिक बोट दाखवते.

सर्वांत आधी टाकीचे झाकण पाहावे. टाकीतील डिझेल जसजसे संपते तसतशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी म्हणून झाकणाला बारीक छिद्र असते. धूळ आणि झाकणाशी पाझरणारे डिझेल यांचा चिकट थर बसून ते छिद्र बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते आणि डिझेल पुढे जाण्याचे मंदावते. इंजिन थांबल्यावर फटींतून हळूहळू हवा शिरते, म्हणून पंधरा मिनिटांनी ट्रॅक्टर जणू काही झालेच नाही असा चालू होतो. पुढच्या वेळी गचके सुरू होताच ट्रॅक्टर उभा करावा, रोटाव्हेटर उचलून त्याला फिरवणारा पी.टी.ओ. दांडा बंद करावा आणि इंजिन चालूच ठेवून झाकण सैल करावे. हवा आत खेचली जाण्याचा आवाज आला आणि इंजिन मिनिटाभरात सावरले, तर दोष सापडला. अशा वेळी छिद्र बारीक तारेने मोकळे करावे किंवा त्याच ट्रॅक्टरचे नवे झाकण घ्यावे. झाकण हरवले म्हणून टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. त्यांच्या मालकांनाही हाच त्रास होता आणि त्यांनीही आधी पंपालाच दोष दिला होता.

झाकण ठीक असेल तर टाकीच्या आत पाहावे. मळणीच्या खळ्यावर कॅनमधून डिझेल ओतताना सोयाबीनचा भुसा किंवा कॅनच्या झाकणाचा तुकडा आत पडतो. इंजिन चालू असताना तो ओढीने नळीच्या तोंडाशी येऊन चिकटतो आणि इंजिन बंद झाले की सुटून बाजूला होतो, त्यामुळे लक्षणे हुबेहूब झाकणाच्या दोषासारखीच दिसतात. तपासण्यासाठी इंजिन थंड असताना फीड पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाकडे) येणारी नळी सोडून तिच्याखाली स्वच्छ भांडे धरावे. टाकी इंजिनापेक्षा उंचावर असलेल्या ट्रॅक्टरात डिझेल आपल्या वजनानेच भरघोस धारेने पडले पाहिजे. धार बारीक असली किंवा मध्येच तुटली तर टाकी पूर्ण रिकामी करून स्वच्छ डिझेलने धुवावी. त्यासाठी पाणी वापरू नये आणि पेट्रोल तर मुळीच वापरू नये. जवळपास विडी-काडी नको, हे वेगळे सांगायला नको.

फीड पंपाच्या तोंडाशी काही ट्रॅक्टरांत बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. फिल्टर बदलताना ती बहुधा कोणाला आठवत नाही. मोठा फिल्टर नवा आणि त्याच्या आधीची जाळी मात्र गाळाने भरलेली, असे आपल्या ट्रॅक्टरातही असण्याची शक्यता आहे.

त्यानंतर हवेचा प्रश्न येतो. "गाडी हवा पकडते आहे," असे आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात. फिल्टर नुकतेच बदललेले असतील तर हा संशय अवश्य घ्यावा, कारण जुने रबरी वॉशर खाचेत तसेच राहून त्यावर नवे बसवले जाते, किंवा चपटे झालेले तांब्याचे वॉशर पुन्हा वापरले जाते, आणि तिथून हवा शिरते. डिझेल गळत दिसत नाही म्हणून सांधा घट्ट आहे असे समजू नये. नळी टाकीच्या बाजूला अर्धवट तुंबलेली असेल तर फीड पंपाच्या ओढीमुळे सांध्यातून डिझेल बाहेर न येता हवाच आत जाते. परत येणाऱ्या डिझेलची नळी थोडा वेळ पारदर्शक बाटलीत धरून इंजिन चालवावे. बुडबुडे थांबतच नसतील तर कुठेतरी हवा शिरते आहे.

महूच्या शेतकरी बंधूंचा ट्रॅक्टर डिझेल पूर्ण संपल्यावर बंद पडला आणि टाकी भरूनही मिनिटभर चालून थांबतो. नळ्यांमध्ये हवा अडकली आहे. आधी पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू दोन आटे सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलण्याचा दट्ट्या) दाबत राहावे आणि फेस जाऊन अखंड धार आली की प्रायमर दाबता दाबताच स्क्रू आवळावा. मग दुसरा फिल्टर आणि शेवटी इंजेक्शन पंपाचा स्क्रू, याच क्रमाने जावे. क्रम उलटा केला तर मागची हवा पुन्हा पुढे येते आणि सकाळ वाया जाते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कडक प्रदूषण-मानके लागू झाली असून त्यांतील पुष्कळांत कॉमन रेल पद्धत आहे, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून अतिशय उच्च दाबाने डिझेल मिळते. अशा ट्रॅक्टरच्या इंजिनाकडील उच्च दाबाच्या नळ्या शेतात कधीही सैल करू नयेत. जुन्या ट्रॅक्टरातही इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये, कारण ते डिझेल कातडीतून आत घुसते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते.

सांवेरच्या पत्रातील ट्रॅक्टर गचके न देता, किल्ली फिरवावी तसा एकदम बंद पडतो. तिथे डिझेलपेक्षा पंपावरील इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या खटक्याची) वायर आणि तिचे टोक आधी पाहावे. हादऱ्याने ते सैल होते. ओढीवर काळा धूर येऊन ताकद कमी होत असेल तर मात्र एअर क्लीनर उघडावा. रब्बीच्या मशागतीतील धुळीत त्यातील तेल काही दिवसांतच चिखलासारखे होते.

देपालपूरच्या बंधूंनी आणखी एक चाचणी करावी. फिल्टरच्या किंवा गाळवाटीच्या तळातील डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी वेगळे दिसेल. पंपातील प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ते नळकांडे) यांच्यामध्ये दोन-चार मायक्रॉन एवढीच जागा असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग, आणि त्या भागांना वंगणही डिझेलचेच मिळते. पाण्याने ते गंजतात आणि धुळीने चरतात. रात्री अर्धी रिकामी टाकी गार पडली की आतल्या दमट हवेचे पाणी होते, म्हणून टाकी सकाळी न भरता संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. डिझेल जस्ताचा मुलामा दिलेल्या डब्यात साठवू नये. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन पुढे फिल्टर तुंबतात. रॉकेल मिसळल्याने नळ्या साफ होतात हा समज चुकीचा आहे. त्याने वंगण मात्र कमी होते.

हे सर्व तपासूनही दोष राहिला, विशेषतः इंजिन तापल्यावर बंद पडून तास-दीड तास थंड झाल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर पंपाची झीज झालेली असू शकते. तापलेल्या पंपावर पाणी ओतून ट्रॅक्टर सुरू करण्याची युक्ती काही जण करतात, ती करू नये, कारण तापलेले भाग अचानक आकसून अडकण्याचा धोका असतो. पंप शेतात उघडू न देता, नळ्यांची तोंडे स्वच्छ टोप्यांनी बंद करून तो आणि इंजेक्टर इंदूरमधील अशा दुकानात न्यावेत जिथे टेस्ट बेंच, म्हणजे पंप चालवून मोजमाप घेण्याचे यंत्र, आहे. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे, असे दोन्ही वेळचे मोजमाप पावतीवर लिहून घ्यावे, आणि सोबत तास-मीटरचा आकडा व ट्रॅक्टर किती वेळाने बंद पडतो याची आपण मला पाठवली तशीच नोंद द्यावी.