'गूढ' म्हणजे कठीण नव्हे, आणि 'कोडे' कूटातून निघालेले नाही

विचारणा अशी: क्रिप्टिक क्रॉसवर्डला 'गूढ शब्दकोडे' म्हणावे की 'कूट शब्दकोडे'? 'कोडे' हा 'कूट'चाच अपभ्रंश ना? सोबत एक शोधसूत्र दिले आहे, 'एक मळकट पंचा लपवतो फूल (३)' (कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा), आणि ते गूढ ठरते का, असेही विचारले आहे.

'गूढ'च म्हणावे. 'गुह्' म्हणजे लपवणे, 'गूढ' म्हणजे लपवलेले. गुहा आणि गुह्य त्याच धातूची. ग्रीक 'क्रिप्टोस'चा अर्थही लपवलेले असाच आहे, त्यामुळे याहून नेमका शब्द शोधत बसू नये. वैताग येतो तो वापराचा. हल्ली जरा अवघड शब्दकोडे दिसले की त्याला 'गूढ' म्हणून मोकळे होतात. सूत्र 'कमळ (४)' आणि उत्तर 'तामरस'. यात लपवले काय? शब्द माहीत असेल तर सुटेल, नसेल तर सूत्राकडे कितीही पाहिले तरी हाती काही लागणार नाही. हे कठीण झाले, गूढ नव्हे. गूढ सूत्राचे उत्तर अगदी रोजच्या बोलण्यातले असू शकते. अट एवढीच, की त्याच्याकडे नेणारी वाट सूत्राच्या आतच कुठेतरी असली पाहिजे.

पाठवलेले सूत्र या अटीला उतरते. 'एक मळकट' सलग वाचा: ए-क-म-ळ-क-ट. दुसऱ्या अक्षरापासून तीन घेतली की 'कमळ'. 'लपवतो' हा इशारा, 'फूल' हा अर्थ. सूत्र गूढ आहे, पण सदोष आहे, कारण 'पंचा'ला काहीच काम नाही. 'झिमेनीस' या नावाने इंग्रजी कोडी रचणाऱ्या डेरिक मॅकनट यांनी १९६६ साली पुस्तकात घालून दिलेल्या नियमांचे सार त्यांचे वारसदार 'अझेड' यांनी असे सांगितले: अचूक अर्थ, न्याय्य शब्दखेळ, आणि याखेरीज काहीही नाही. 'मळकट' हे विशेषण, ते एकटे उभे राहीना म्हणून रचणाऱ्याने पंचा आणला आणि सोडवणारा विनाकारण पं-चा ही अक्षरे चिवडत बसला. 'एक मळवाट लपवते फूल (३)' असे करा. मळवाट हे नाम, वाक्य पुरे होते आणि एकही शब्द रिकामा राहत नाही.

आता 'कोडे'. ते 'कूट'पासून आले हे इतक्यांदा सांगितले जाते, की तपासायची कुणाला गरजच वाटत नाही. तपासून पाहा. संस्कृत 'कूट'चे प्राकृतात 'कूड' होते आणि त्याची मराठी संतती आपल्याकडे आहेच: कुडा, कुडी, कुडें, म्हणजे कपटी, वाईट. स्वर 'उ'च राहिला. मग त्याच शब्दाला दुसरीकडे 'ओ' कुठून फुटला? कूटवाल्यांचे उत्तर ठरलेले: 'उ'चा 'ओ' होतोच, तुंडाचे तोंड झाले, पुस्तकाची पोथी झाली. झाली खरी, पण तिथे 'उ'च्या पुढे जोडाक्षर होते ('तुंड' म्हणजे 'तुण्ड'). कुष्ठाचे कोड झाले तेही त्याच नियमाने. 'कूट'मध्ये जोडाक्षर नाही. जोडाक्षर नसताना 'ओ' झाल्याची उदाहरणे जैन पंडित हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात नावानिशी सांगितली आहेत, त्यांत तांबूल आहे, स्थूल आहे. कूट नाही. ज्यांना तो तिथे हवा आहे त्यांनी पुरावा द्यावा. 'अर्थ जुळतो' हा पुरावा होत नाही.

आणि हवा तो शब्द त्याच व्याकरणात आयता बसलेला आहे. बाराव्या शतकातला हा ग्रंथ अपभ्रंश भाषेच्या प्रकरणात एक यादी देतो: अमुक संस्कृत शब्दासाठी लोक तमुक बोलतात. त्यात 'कौतुक'साठी दिला आहे 'कोड्ड'. 'ओ' तयार, 'ड' तयार. कौतुक म्हणजे इथे शाबासकी नव्हे. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल. उदाहरणाला दिलेला दोहा तर फारच सुंदर आहे: हत्ती इतर झाडांना सोंड लावतो ती नुसत्या कोड्डापायी, खरे विचाराल तर त्याचे मन एका सल्लकीवरच असते. हाच 'कोड' आपण 'कोडकौतुक'मध्ये रोज बोलतो. बाजारहाट, कागदपत्र यांच्यासारखी ती समानार्थी जोडी आहे. माझ्या मते 'कोडे' याच 'कोड'चे नपुंसकलिंगी रूप: कुतूहल जागवते ते कोडे.

यावर महाभारतातल्या कूटश्लोकांचा हवाला हटकून दिला जातो. व्यासांनी गणपतीला थांबवण्यासाठी गाठी मारलेले ८,८०० श्लोक ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावरून 'कूट' हा शब्द जुना आहे एवढेच सिद्ध होते, 'कोडे' त्याच्यापासून निघाले हे नाही. शिवाय कूट म्हणजे सापळा. कूटसाक्षी खोटा साक्षीदार, कूटतुला खोटा तराजू. गूढ सूत्रात खोटे काहीच नसते. ते वाचकाला चुकीच्या दिशेला पाहायला लावते, पण त्यातला प्रत्येक शब्द खरा असतो. म्हणून 'कूट शब्दकोडे' नको.

गूढ कोड्याचा आपल्याकडचा खरा पूर्वज पाहायचा तर संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीकडे जावे. 'काव्यादर्शा'त त्याने प्रहेलिकांचे, म्हणजे काव्यातल्या कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. पहिलाच 'समागता': दोन पदे जोडून अर्थ लपवायचा. 'एक मळवाट' त्याच्या जवळची. आणि 'संख्याता'चे त्याचे उदाहरण आजही छापावे असे आहे: मध्ये नासिक्य, भोवती चार वर्णांनी नटलेली एक नगरी आहे, तिथल्या राजांचे नाव आठ वर्णांचे. वाचणारा चातुर्वर्ण्यात अडकतो. वर्ण म्हणजे इथे ध्वनी. क्-आ-ञ्-च्-ई: मध्ये अनुनासिक, भोवती चार. काञ्ची. राजे पल्लवाः: प्-अ-ल्-ल्-अ-व्-आ आणि विसर्ग, बरोबर आठ.

दंडीने ध्वनी मोजले. मराठी कोड्यात मोजतात ते अक्षर: काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असले तरी चौकोन एकच. म्हणजे काञ्चीला दोनच घरे. रचणारे इथेच चुकतात. अक्षरे हलवायची तर वेलांटी आपल्या व्यंजनाबरोबरच जाते. 'विकता विस्कटले काव्य (३)' हे चोख आहे: वि-क-ता विस्कटून क-वि-ता, एकही खूण जागची सुटली नाही. पण 'दिवस उलटला की वाहते (२)' देऊन 'नदी' उत्तर मागणे हा अन्याय आहे. 'दिन' उलटून 'नदि' मिळते, आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे डोळेझाक करायला सांगायचे तर आडव्या शब्दाला छेदणारा उभा शब्दही बिघडतो. 'गरीब उलटला की वाहते' असे करा. 'दीन'मधली दीर्घ वेलांटी 'नदी'त जशीच्या तशी उतरते.