पक्षी बघताना नोंदवहीत नेमकं काय लिहायचं?

तुम्ही विचारलंय की पक्षी बघायला नुकतीच सुरुवात केली आहे, वही बरोबर असते, पण पक्ष्यांच्या नावांची यादी झाली की पुढे काय लिहावं ते सुचत नाही. शिवाय मोबाईलवर ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं ॲप असताना वही हवीच का, असंही विचारलंय.

हवी. आणि नावापासून सुरुवात करताय म्हणूनच अडतंय असं मला वाटतं. नाव सगळ्यात शेवटी लिहा. पक्षी समोर आहे तोवर फक्त जे दिसतंय आणि ऐकू येतंय तेवढंच उतरवा, फील्ड गाइड, म्हणजे पक्षी ओळखायचं पुस्तक, पिशवीतच राहू द्या. एकदा नाव मनात बसलं की डोळे त्या नावाला साजेसं तेवढंच टिपायला लागतात.

शिक्रा आणि बेसरा हे दोन शिकारी पक्षी घ्या. आकार जवळपास सारखा, शेपटीवर दोघांनाही आडवे पट्टे. बघायची असते ती गळ्याच्या मधोमध उतरणारी उभी रेघ: शिक्र्याची बारीक आणि पुसट, बेसऱ्याची जाड आणि ठळक. पक्षी उडून गेल्यावर गाइड उघडलं आणि मग रेघ कशी होती ते आठवायला बसलं, तर ती आपल्याला हवी तशीच आठवते. उलट वहीत आधीच ‘गळ्यावर काळी रेघ, लांबूनही स्पष्ट’ असं लिहिलेलं असेल तर त्या ओळखीला आधार आहे. पक्षी पाठमोरा राहिला असेल तर ‘गळा दिसला नाही’ असं लिहा. ‘रेघ नव्हती’ आणि ‘गळा दिसला नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि घाईत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

झाडाच्या शेंड्यात सतत हलणाऱ्या वटवट्यांच्या बाबतीत तर लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी माझी नोंद साधारण अशी असते: ‘चिमणीपेक्षा लहान, सडसडीत. वरून हिरवट करडा, खालून मळकट पांढरा. भुवई लांब, डोळ्याच्या बरीच मागे जाते. पंखावर एक बारीक फिकट पट्टी, एकाच पंखावर दिसली. पाय गडद. खालची चोच फिकट. आवाज दोन तुकड्यांत, चिस्-वी. पानांच्या खालच्या बाजूने किडे टिपतोय.’ एवढं झाल्यावर मी ग्रीनिश वॉर्बलर (वटवट्यांचीच एक जात) असं लिहिते, आणि खात्री किती तेही. ती पंखावरची पट्टी पिसं झिजली की दिसेनाशी होते, म्हणून आवाजाची नोंद इथे लाखमोलाची.

चित्रही काढा. चित्रकला येत नसली तरी काहीही बिघडत नाही. अंगाला मोठा अंडाकार, डोक्याला छोटा गोल, चोच, शेपटी, आणि बाण काढून रंगांची नावं. काढायला घेतलं की प्रश्न आपोआप पडतात. डोळ्यातून जाणारी काळी रेघ चोचीपर्यंत पोचते की आधीच थांबते? मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीवर कुठवर येतात? मग त्या उत्तरांसाठी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लागते, आणि हे दुसऱ्यांदा बघणंच कामाचं असतं.

पानाच्या वरच्या बाजूला तारीख, ठिकाण, सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ, अंदाजे किती चाललात, ढग, वारा. थांबल्याची वेळ बहुतेक जण लिहीत नाहीत. ती नसेल तर वीस मिनिटांत दिसलेले दहा बुलबुल आणि तीन तासांत दिसलेले दहा बुलबुल यातला फरकच पुसला जातो. वाऱ्याचंही तसंच: जोराचा वारा असला की आवाज ऐकू येत नाहीत, पक्षी आडोशाला जातात आणि त्या दिवसाची संख्या उगाच कमी दिसते.

संख्या नेहमी लिहा, आणि मोजली की अंदाजली तेही. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवायचं आणि तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते बघायचं. साळुंकी, कावळे, पारवे गाळू नका. नवखा माणूस दुर्मीळ पक्ष्यासाठी पान भरतो आणि रोजच्या पक्ष्यांना ओळसुद्धा देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण उद्या ते कमी झाले तर आधी किती होते हे सांगायला कोणाकडेच काही नसतं.

याचं फार चांगलं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. जोसेफ ग्रिनेल हे १९०८ पासून बर्कलीच्या पृष्ठवंशी प्राणी संग्रहालयाचे पहिले संचालक. ते आणि त्यांचे सहकारी रोज जागा, वेळ, हवा, दिसलेला प्रत्येक प्राणी आणि त्याची संख्या शिस्तीत लिहून ठेवत. या नोंदींची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं त्यांनी १९१० मध्येच लिहिलं होतं. २००३ पासून त्याच जागी पुन्हा पाहणी सुरू झाली. तिथल्याच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या लहान सस्तन प्राण्यांच्या २८ जातींची तुलना केल्यावर त्यातल्या निम्म्या जाती डोंगरात सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकल्याचं दिसलं. जुन्या वह्यांमध्ये नुसती नावं असती तर ही तुलना झालीच नसती.

वागणुकीला दोन ओळी तरी द्या: किती उंचीवर, काय खातोय, कोणाबरोबर. शिंजीर (सनबर्ड) फुलात समोरून चोच घालतोय की देठाजवळ भोक पाडून मध पळवतोय? जांभळ्या शिंजिराचा नर विणीबाहेरच्या पिसाऱ्यात असला की पिवळसर छातीवर मधोमध गडद पट्टा दिसतो. तो दिसल्याच्या तारखा काही वर्षं लिहिल्यात तर तुमच्या भागात पिसं कधी बदलतात ते तुमच्याच वहीतून कळेल. घरटं दिसलं तर थोडक्यात लिहून लगेच बाजूला व्हा, आणि नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका.

साधनं साधीच बरी. पेन्सिलीचं लिखाण पाण्याने फुटत नाही, जेल पेनचं फुटतं. खिशात मावेल अशी पुठ्ठ्याची वही. हात अडकले असतील तर मोबाईलवर बोलून ठेवा, पण त्याच दिवशी उतरवून घ्या. कॅमेरा वापरत असाल तर त्याचं घड्याळ आधी बरोबर लावा, म्हणजे फोटो कोणत्या नोंदीचा ते जुळवता येतं. फोटोत आवाज नसतो, आकाराचा अंदाज फसवा असतो, आणि संध्याकाळच्या उन्हात करडा पक्षीही तांबूस दिसतो.

ई-बर्ड जरूर वापरा. २००२ मध्ये सुरू झालेली ती नोंदपेढी आज संशोधकांच्या रोजच्या वापरातली आहे. ओळखू आलेले सगळे पक्षी यादीत आहेत का, असं ती विचारते. तिथे प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता आलं तर यादीत नसलेले पक्षी त्या वेळी तुम्हाला आढळले नाहीत, हेही कळतं. पण भुवई, पाय, चिस्-वी हे सगळं आधी वहीत असू द्या आणि घरी आल्यावर यादी भरा. जात ठरत नसेल तर ओढून ताणून नाव देऊ नका. नुसतं ‘वॉर्बलर, जात अनिश्चित’ असं नोंदवायची सोय तिथे आहे. नंतर ओळख बदलली तर वहीतलं जुनं नाव खोडरबराने पुसू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा, शेजारी नवं नाव, कारण आणि त्या दिवशीची तारीख लिहा.