मटणाच्या जेवणानंतर बिघडलेले पोट

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर पाच वर्षांचा आहे. रविवारी घरी पाहुण्यांसाठी मटण केले होते. उष्ट्या ताटांतला रस्सा आणि चार-दोन हाडे त्याने खाल्ली. मध्यरात्री दोनदा उलटी झाली, सकाळपासून पातळ शी होते आहे. अन्नाकडे तो पाहत नाही, मात्र पाणी पितो आणि हाक मारली की शेपूट हलवतो. शेजारी म्हणतात, जुलाबाची आपली गोळी अर्धी द्या. द्यावी का? डॉक्टरांकडे कधी न्यावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गोळी देऊ नये. जुलाब थांबवणारे औषध आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे जे बाहेर पडायला हवे ते आतच अडकून राहते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी माणसांची वेदनाशामके तर त्याहून घातक. त्यांनी जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ‘बिचाऱ्याचे पोट दुखत असेल’ म्हणून मायेने दिलेल्या गोळीपायी सलाइनवर ठेवावे लागलेले कुत्रे मी पाहिले आहेत, आणि त्याची हळहळ आजही वाटते.

आपल्या पत्रातले मोलाचे वाक्य शेपटीचे आहे. उलट्या किती झाल्या यापेक्षा दोन उलट्यांच्या मधल्या वेळात कुत्रा कसा असतो, यावरून दुखणे किती गंभीर आहे ते अधिक कळते. त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबावी. ती पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. (लॅब्रॅडॉरच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तेव्हा त्यांतली एखादी गुलाबी जागा शोधावी.) हिरडी बोटाला चिकट लागली, किंवा खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर चटकन जागेवर बसली नाही, तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजून डॉक्टरांकडे न्यावे.

तो तरतरीत असेल तर आठ-दहा तास अन्न देऊ नये. पाणी मात्र तोडू नये. भरलेले भांडे तहानलेला कुत्रा एका दमात संपवतो आणि पुन्हा ओकतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने चार-चार चमचे पाणी पाजावे. उलटी थांबल्यावर गुरगुट्या भातात उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी कुस्करून, मीठ, हळद, तेल काहीही न घालता, थोडी थोडी दिवसातून चार वेळा द्यावी. दूध नको. शी घट्ट झाली की नेहमीचे अन्न दोन-तीन दिवसांत हळूहळू मिसळत जावे.

आपल्या कुत्र्याच्या बाबतीत रश्श्याकडे विशेष लक्ष हवे. तेलकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून तो वारंवार ताणत असेल, तर पोटात कळा येत असाव्यात. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि हा परिणाम काही दिवसांनी दिसतो. म्हणून पोट बरे झाल्यावरही आठवडाभर हिरड्या फिकट पडत नाहीत ना, लघवी लालसर-तपकिरी होत नाही ना, हे पाहावे. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या होतात, त्या आतड्यात रुतू किंवा अडकू शकतात.

शीमध्ये रक्त दिसले, ती डांबरासारखी काळी झाली, घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल, कुत्रा मलूल पडला किंवा एक दिवस उलटूनही उतार पडला नाही, तर थांबू नये. पोट ढोलासारखे फुगले आहे, उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, असे दिसले तर मध्यरात्र असली तरी निघावे. मोठ्या छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. पिल्लांना उपाशी ठेवणे मात्र चुकीचे आहे. लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला उलट्यांबरोबर दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब होऊ लागले, तर पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची शंका धरून त्याच दिवशी उपचार सुरू करावेत.

जाताना शीचा ताजा नमुना झाकणाच्या डबीत न्यावा. घरात कुणी आधीच एखादी गोळी दिली असेल तर संकोच न करता सांगावे आणि तिचे पाकीट सोबत ठेवावे, कारण पुढचे औषध त्यावरूनच ठरते.