गप्पी माशांची पिल्लं: तुमचे प्रश्न

आलेल्या पत्रांत बहुतेकांचा सूर एकच: 'पिल्लं होतात, पण टिकत नाहीत.' म्हणून त्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: टाकीत अंडी कधी दिसतील?
उत्तर: कधीच नाही. गप्पी थेट पिल्लं देते.

प्रश्न: टाकीत एकही नर नसताना मादी व्याली. कसं शक्य आहे?
उत्तर: मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. विकत आणलेली मोठी मादी बहुधा गाभणच असते.

प्रश्न: व्यायची वेळ कशी ओळखावी?
उत्तर: दोन वेतांत साधारण चार आठवडे जातात. पोटाच्या मागच्या टोकाचा काळा डाग गडद होतो, पोट चौकोनी दिसू लागतं. फिकट रंगाच्या मादीत आतल्या पिल्लांचे डोळेही ठिपक्यांसारखे दिसतात. तारीख विचारू नका.

प्रश्न: पिल्लं आठवडाभरात मरतात. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो. दुकानदार निळं औषध टाका म्हणतो.
उत्तर: तुमची स्वच्छताच पिल्लांच्या मुळावर आली असण्याची शक्यता मोठी आहे. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग त्याहून बरंच सौम्य नायट्रेट. स्पंजला लागलेल्या त्या तपकिरी बुळबुळीत थरात हेच जिवाणू राहतात, आणि ते तुम्ही दर रविवारी क्लोरीनच्या पाण्यात धुऊन टाकता. पुन्हा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत विष साठतं आणि पहिला बळी पिल्लांचा. निळ्या औषधानं उरलेसुरले जिवाणूही मरू शकतात. बाटली विकली गेली, एवढाच काय तो फायदा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीइतकंच कोमट हवं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. आणि आजच पाण्याची चाचणी करा: अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. शून्य असूनही पिल्लं मरत असतील तर रविवारची वाट न पाहता माशांच्या पशुवैद्याला दाखवा. अंदाजानं औषध नको.

प्रश्न: मादी पिल्लं खाते. जाळीच्या पेटीत ठेवू का?
उत्तर: पेटीत ती घाबरते. त्यापेक्षा टाकीत जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झुपकेदार रोप) दाट वाढू द्या आणि पिल्लं दिसली की त्यांना वेगळं काढा. आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे इवलेसे जीव) किंवा बारीक चुरलेलं खाद्य दिवसातून तीन-चार वेळा, चिमूटभर. उरलेलं काढून टाका, नाहीतर पुन्हा अमोनियाच.

प्रश्न: पिल्लं फार झाली. जवळच्या तळ्यात सोडू? डास खातील म्हणतात.
उत्तर: अजिबात नाही. परका मासा स्थानिक माशांचं अन्न आणि पिल्लं खातो, रोगही नेतो. डासांसाठी कुठे मासे सोडायचे हे आरोग्य विभागाला विचारा, ते तुम्ही ठरवायचं नाही. पिल्लं महिन्याची झाली की नर ओळखू येऊ लागतात: पोटाखालचा मागचा पर लांबट, काडीसारखा होतो. पिल्लं आणखी वाढू नयेत म्हणून तेव्हाच नर-मादी वेगळे करा.