दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते, हा बिघाड आहे का? अशी गाडी घ्यावी का?

बिघाड नाही. तुम्ही बघून आलात त्या सेकंड-हँड मिनी कूपरची काच हँडल ओढल्यावर बोटभर खाली आली आणि दार लागल्यावर परत वर गेली, म्हणजे ती नीट चालते आहे. खाली आली नसती तर मी म्हटलं असतं की ती गाडी आत्ता घेऊ नका. एजंट म्हणतो, ‘सेन्सर गेलाय, दुरुस्त करून देतो’. त्याला एकतर माहिती नाही, नाहीतर तो काहीतरी वेगळं झाकतोय.

पुण्याच्या नाना पेठेत माझं आयुष्य पॉवर विंडोच्या कामात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या दारांना काचेभोवती पत्र्याची चौकट नसते. काच थेट छताच्या कडेला असलेल्या रबरात घुसते आणि रबराची बाहेरची ओठासारखी कड तिच्यावर बसते, म्हणून पाणी आणि वारा अडतो. पण काच त्या कडेच्या आत असताना दार ओढलं तर रबर फाटणार किंवा काचेवर ताण येणार. म्हणून हँडल हललं की लॉकमधला मायक्रोस्विच सांगतो, मोटर काच जराशी उतरवते, आणि दार बसलं की परत चढवते. एवढंच आहे. यात जादू नाही आणि थेरही नाहीत.

‘थेर’ हा शब्द आमच्या मेव्हण्याचा. तो एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये अॅडव्हायझर होता. बिनचौकटीची दारं म्हणजे नवं फॅड, पाणी येणारच, हे त्याचं ठाम मत. साताऱ्याच्या एका डॉक्टरांची दोन दारांची कूपे त्याच्याकडे होती. ऐन जुलैत ड्रायव्हरच्या काचेच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी गळायचं आणि खंबाटकी घाट ओलांडला की शिट्टी वाजायची. इस्टिमेट काय, तर दोन्ही दारांची रबरं, दोन्ही रेग्युलेटर (काच वर-खाली नेणारी यंत्रणा), दोन्ही मोटरी. आकडा बघून डॉक्टर गाडी घेऊन माझ्याकडे आले.

मी आधी काहीच उघडलं नाही. रबराला खडू फासला, दार लावलं, उघडलं. काचेच्या कडेवर पांढरी रेघ पुढून मधपर्यंत सलग होती आणि मागच्या कोपऱ्यात गायब. म्हणजे तिथे काच रबराला टेकतच नव्हती. मग हँडल ओढून काचेकडे बघत राहिलो, तर ती हललीच नाही. डॉक्टरांना विचारलं, बॅटरी कधी बदलली? पावसाळ्याच्या तोंडावर, त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये. तिथेच उत्तर होतं. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांमध्ये काच आपलं वरचं टोक विसरते आणि ते तिला परत शिकवावं लागतं. ते कुणी केलं नव्हतं. त्यामुळे दर वेळी दार लावताना काच रबराच्या कडेवर आपटत होती. कड दुमडली होती आणि काचेचं बसणं कोपऱ्यात हललं होतं.

डोअर पॅड म्हणजे दाराचं आतलं कव्हर काढलं, खालचे बोल्ट सैल केले, काच किंचित आत कलती केली आणि कसलं. बटण दाबून काच पूर्ण खाली नेली, तसंच धरून ठेवलं, मग पूर्ण वर नेली आणि परत धरलं. हँडल ओढलं, काच उतरली. दहा रुपयांची नोट काचेत आणि रबरात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. कोपऱ्यातसुद्धा ती अडकून येत होती. मग होजने पाणी मारलं. आत थेंब नाही. एकही पार्ट बदलला नाही.

मेव्हणा अजून लग्नाकार्यात सांगतो की ती गाडी नशिबाने सुधारली. त्यात नशीब काही नव्हतं. आणि फॅड म्हणायचं तर अमेरिकेत 1949 मध्ये कॅडिलॅक आणि ब्युइकच्या हार्डटॉप, म्हणजे पक्कं छत पण मधला खांब नसलेल्या गाड्या अशाच दारांच्या निघाल्या. सुबारूने तर साध्या घरगुती गाड्यांना कित्येक दशकं, अगदी 2009 च्या आसपासपर्यंत, अशी दारं दिली, तीही बर्फाच्या प्रदेशात. त्यांची काच खाली येत नसे, बाहेरून रबरावर नुसती दाबून बसायची. लोकांनी त्या गाड्या हौसेने वापरल्या.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर नोटेची परीक्षा दोन्ही दारांच्या काचांना पुढून, वरून आणि मागून करा. महामार्गावर नव्वद-शंभरला न्या आणि म्युझिक बंद ठेवा. वेगात बाहेरचा दाब कमी होतो आणि काच बाहेर ओढली जाते, त्यामुळे ढिली काच तिथेच बोलते. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र दुसऱ्या कुणाला दाखवा, त्यावर मी मत देणार नाही.

आता त्रास काय, तेही सांगतो, कारण आहेत. पावसात दार उघडलं की छताचं पाणी थोडं सीटवर येतंच. चौकट नाही म्हणून चुंबकाचे पडदे चिकटत नाहीत आणि नेहमीचे व्हायझर बसत नाहीत. मुलांना काचेची कड धरून दार ओढू देऊ नका, काच अर्धी उघडी असताना दार आपटू नका. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, इंजिन ऑइल किंवा डिझेलचा बोळा कधीच नाही. दाराच्या खालची पाणी जायची भोकं पावसाळ्याआधी मोकळी करा. आणि बॅटरी पूर्ण उतरली असेल तर दार जपून, हळू उघडा आणि जोर लावून बंद करू नका, कारण काच खाली यायला वीजच नसते. काच शिकवायची पद्धत प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये बघा.

एजंटला ‘सेन्सर दुरुस्त’ करू देऊ नका. असल्या दुरुस्तीत मायक्रोस्विचची वायर तोडून काच हलायची बंद करतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पुढच्या पावसाळ्यात तेच गिऱ्हाईक फाटलेलं रबर घेऊन माझ्या दुकानात उभं असतं.