वायरलेसमधली वायर

प्रश्न : हॅम (हौशी रेडिओ) सेटच्या माईकचं बटण दाबलं की सेट ट्रान्समिटवर जातो, पण पलीकडे आवाज पोचत नाही. कॉर्ड वाकडी धरली की पोचतो. दुसऱ्या कंपनीचा आठ पिनांचा गोल माईक मिळतोय, चालेल का? – नाशिक

उत्तर : बटण चालतंय, म्हणजे पीटीटीची, म्हणजे दाबून बोलायच्या बटणाची, तार शाबूत आहे. तुटली आहे ती आवाजाची तार, नाहीतर तिच्यावरची जाळी (बाहेरची गुणगुण अडवणारं तारांचं वेष्टन). गुंडाळीची कॉर्ड बहुतेक वेळा माईकच्या बुडाशी, रबरी बूट संपतो तिथेच तुटते. माईक उघडा आणि तारांच्या रंगांचा फोटो आधी काढा. मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं त्याच तारेच्या आतल्या सोल्डरला लावा आणि बुडाशी कॉर्ड हलवत राहा. बझर अडखळला की जागा सापडली. तिच्या पुढे, प्लगच्या बाजूला, ५ सेंटिमीटरवर कापून पुन्हा जोडा. तार धाग्यावर गुंडाळलेल्या तांब्याच्या पट्टीची निघाली तर मात्र नवीच कॉर्ड घ्या; तिच्यावर सोल्डर नीट बसत नाही.

ज्या सेटचा माईक आरजे-४५ प्लगचा असतो, तिथे काहीजण लॅन केबल लावतात. प्लग बसतो, पण साध्या लॅन केबलला जाळी नसते. मग आवाजात गुणगुण येते.

दुसऱ्या कंपनीचा माईक तसाच लावू नका. गोल प्लग दिसायला सारखा, आतली जोडणी वेगळी. आयकॉममध्ये ५ नंबरची पिन पीटीटीची, तर केनवूडमध्ये त्याच पिनेवर ८ व्होल्ट. आयकॉमचा माईक केनवूडला लावून बटण दाबलंत, तर ते ८ व्होल्ट शॉर्ट होऊ शकतात. दोन्ही मॅन्युअलमधले पिनांचे तक्ते शेजारी ठेवून मगच प्लग बदला.

प्रश्न : बोटीवरचा २५ वॅटचा व्हीएचएफ आता जवळच्याच बोटींना ऐकू जातो. मीटरवर एसडब्ल्यूआर (एरियलकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) १.३ येतो, म्हणजे एरियल ठीक ना? – रत्नागिरी

उत्तर : त्या १.३ वर भुलू नका. केबलमध्ये पाणी शिरलं की ती जाणारी शक्तीही खाते आणि परत येणारीही. सेटजवळच्या मीटरला मग सगळं छानच दिसतं. एरियल वरून सोडवा, टोक मोकळं ठेवा, सेट १ वॅटवर आणा आणि १६ (संकटाच्या हाकेचं चॅनेल) सोडून दुसऱ्या रिकाम्या चॅनेलवर दोन सेकंद बटण दाबून बघा. टोक मोकळं असताना काटा वर उसळायला हवा. ३ किंवा त्याहून कमी दाखवत असेल, तर निम्मी किंवा जास्त शक्ती केबलमध्येच मुरते आहे. वरचा प्लग कापा. आतली जाळी काळी-हिरवी निघाली तर तेवढा तुकडा काढून भागणार नाही, पाणी जाळीतून खालपर्यंत उतरलेलं असतं.

नवी केबल ५० ओहमचीच घ्या, टीव्हीची ७५ ओहमची नको. १० मीटर आरजी-५८ केबलमधून २५ वॅटचे साधारण १६ वर पोचतात, आरजी-२१३ मधून साधारण २०. २१३ जाड आणि वळवायला कडक, पण डोलकाठीवर चढवायची असेल तर तीच बरी. पीएल-२५९ प्लगच्या जाळीला सोल्डर नीट पाजा. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे कौलांसारखं पाणी ओघळेल. तिच्यावर उन्हासाठी पीव्हीसी टेप. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झुकता वळसा ठेवा.

प्रश्न : वॉकीटॉकीला दोन पिनांचा इअरफोन लावला की सेट आपोआप बोलू लागतो, म्हणजे ट्रान्समिटवर जातो. – चंद्रपूर

उत्तर : प्लग पूर्ण आत बसलेला नाही. या जोडणीत ३.५ आणि २.५ मिलिमीटरच्या पिनांचे बुडाचे भाग एकमेकांना टेकले की पीटीटी चालू होते, आणि अर्धवट बसलेला प्लग नेमकं तेच करतो. सेटचं कव्हर आड येत असेल तर काढा. प्लगचं प्लास्टिक अडत असेल तर पात्याने मिलिमीटरभर तासा. इअरफोन काढूनही सेट बोलतच राहिला, तर सेटचं स्वतःचं बटण अडकलंय.