भाताचं शीत

पोरी,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. शेजारचं बाळ सात महिन्यांचं असून घरभर रांगतंय, आमची नऊ महिन्यांची झाली तरी बुडावरच सरकते, माझं काही चुकतंय का? अंगणवाडीत 28 वर्षं पोरं बघितली मी, त्यातलीच तू एक. मेसेजच्या चार ओळींत माझं भागणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. तुझी लेक पाच आठवडे लवकर आली. मग तिचं वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धर, म्हणजे ती आठ महिन्यांचीसुद्धा नाही. आणि काही मुलं रांगतच नाहीत गं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास छापला, त्यात आपला देशही होता. 100 मुलांत चारेक जण गुडघ्यांवर रांगलेच नाहीत. एकट्यानं चालायला कुणी सव्वाआठ महिन्यांत लागलं, कुणाला साडेसतरा महिने लागले. सगळी धडधाकट.

ती पालथी पडल्याची तारीख तू कॅलेंडरवर लिहिलीस, पण त्याच्या आधीचे पंधरा दिवस कुठे लिहिलेस? हात छातीखाली अडकायचा, मग चिडून रडायची, तू उचलून घ्यायचीस. खरं काम तेव्हाच चाललं होतं.

आता एक कर. दुपारी जेवण झालं की लगेच फडकं मारू नकोस. तिला खाली बसव आणि सांडलेल्या भाताच्या शिताकडे ती काय करते ते बघ. आधी सगळा पंजा फिरवेल, शीत तळव्याला चिकटेल, ते कुठे गेलं म्हणून जमिनीवरच शोधत बसेल. काही दिवसांनी चार बोटांनी ओढेल. आणि मग एके दिवशी अंगठा न् तर्जनी, चिमटीत शीत, थेट तोंडात! पुढे पेन्सिल धरायची ती याच चिमटीच्या जोरावर. (शीतच हं. शेंगदाणे, फुटाणे हाताला लागू देऊ नकोस, घशात अडकतात.)

माझं सांगते. माझा मुलगा पहिल्यांदा चालला तेव्हा मी अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करत होते. घरी आले तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "चालला गं आज, पाटापासून उंबऱ्यापर्यंत." मी चपलासुद्धा काढल्या नाहीत, तिथंच बसून रडले. वर पठ्ठ्यानं पुढचे चार दिवस पाऊल टाकलं नाही, रांगतच फिरला. मुलं करतात असं. तू पुढच्या महिन्यात कामावर जाशील, पाळणाघरातल्या ताई काहीतरी तुझ्याआधी बघतील. बघू देत.

वॉकर कुणी भेट दिला तर माळ्यावर टाक. त्यानं पोर लवकर चालत नाही, जिन्यावरून पडायची भीती मात्र असते. कॅनडात 2004 पासून विकायलाच बंदी आहे. लाकडी पांगुळगाडा वेगळा. उभं राहता आलं की तो धरून ढकलू दे, पण तू जवळ हवीस.

काळजी कधी करायची तेही सांगते. ठरल्या तारखेपासून नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, हाकेला वळत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट करायची थांबली असेल, तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारू नकोस, डॉक्टरांकडे जा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, ते फुकट तपासतात. "आमच्याकडे सगळे उशिराच चालले" म्हणणाऱ्या आजीबाईंचं तेव्हा ऐकायचं नाही, त्यात मीही आले.

आणि हो, तो ग्रुप रात्री दहानंतर बंद ठेव.

रविवारी दुपारी येते. माझ्यासाठी मऊ भात टाक, आणि खालचं पुसू नकोस.

तुझी,
अंगणवाडीच्या बाई